मॉडेल रेल्वेची पहिली वर्गणी

मॉडेल रेल्वेच्या नादाला नव्याने लागलेल्या माणसाला दोन गोष्टींची घाई होते, मोठं इंजिन घ्यायची आणि मासिक लावायची. चुकीचं इंजिन निदान कपाटातून डोळ्यांत खुपत राहतं. चुकीचं मासिक खुपत नाही. अंक येतात, गुळगुळीत कागदावरचे घाट, पूल, धुराने काळवंडलेली यार्डं बघून जीव सुखावतो आणि वर्ष उलटलं तरी प्लायवर फूटभर रूळ बसलेला नसतो. बहुतेक वेळा त्यात मासिकाचा काही दोष नसतो. ते दुसऱ्या कुणासाठी तरी काढलेलं असतं, एवढंच.

छंदाचं प्रत्येक मासिक एक वाचक गृहीत धरून चालतं. त्याचं घर केवढं, हात कितपत बसलेला, लहानपणी त्याने कुठल्या देशाच्या गाड्या पाहिल्या, महिन्याला खिशातून किती सुटतात, हे कुठे लिहिलेलं नसतं, पण पानापानांत मुरलेलं असतं. म्हणून ‘सगळ्यात चांगलं मासिक कोणतं’ हा प्रश्न नवख्याच्या काही कामाचा नाही. या मासिकाचा वाचक राहतो कुठे आणि कशा घरात, हे आधी हुडकावं.

सगळ्यात आधी कानावर येणारं नाव म्हणजे ‘मॉडेल रेलरोडर’. अल कालम्बाख यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जानेवारी १९३४ मध्ये ते सुरू केलं. महामंदीचे दिवस होते. दुकानात तयार मिळणारं थोडं आणि महाग, त्यामुळे पत्रा, लाकूड, पुठ्ठा यांतून लोक स्वतःच डबे आणि वाघिणी घडवत. एकाने केलेलं चाक दुसऱ्याच्या रुळावर चालेलच याचा भरवसा नव्हता आणि जोडणीचे हूकही एकमेकांत बसत नसत. १९३५ मध्ये त्याच मिलवॉकीत मंडळी जमली आणि नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन उभी राहिली. रुळांमधलं अंतर किती, चाकाची कड किती जाड, हे ठरत गेलं. आज एका कंपनीची वाघीण दुसऱ्या कंपनीच्या रुळावर निर्धास्त धावते, त्यात या संस्थेच्या मापांचा मोठा वाटा आहे. नव्वद वर्षं कालम्बाखच्या प्रकाशनसंस्थेकडे राहिलेलं हे मासिक २०२४ मध्ये फायरक्राउन मीडियाकडे गेलं.

या मासिकाचा वाचक तळघरात असतो. खरंच असतो! अमेरिकन घराच्या बेसमेंटमध्ये भिंतीभोवती फिरत, मध्ये आडव्या फांद्या काढत जाणारे लेआउट त्यात पानोपानी दिसतात. नवख्यासाठी म्हणून जे देतात तेही बहुतेकदा आठ बाय चारच्या प्लायवर, कारण तिथे प्लायचा अखंड ताव त्याच मापाचा मिळतो. आपल्याकडेही तो त्याच मापात मिळतो, म्हणून हे सोपं वाटतं. एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात १८ इंच त्रिज्येचं वळण घेतलं, की त्या तावावर लंबगोल आरामात बसतो. अडचण पुढे येते. माणसाचा हात अडीच फुटांच्या पलीकडे नीट पोचत नाही. चार फूट रुंदीचं टेबल भिंतीला टेकवलं, तर मागच्या बाजूला रुळावरून घसरलेला डबा उचलायला रुळांवरच ओणवं व्हावं लागतं. म्हणजे चारही बाजूंनी दोन-दोन फूट वाट हवी आणि आठ बाय चारचं टेबल प्रत्यक्षात बारा बाय आठची जागा खातं. डोंबिवलीत आख्खी बेडरूम दहा बाय दहाची असते. न्यू जर्सीत तळघरासकट घर घेतलेल्या मराठी माणसाने ‘मॉडेल रेलरोडर’ डोळे झाकून लावावं. डोंबिवलीकराने आधी ब्रिटिश मासिकं चाळावीत.

ब्रिटनमध्ये घरं लहान, तळघराची पद्धत नाही, त्यामुळे तिथल्या छंदाचं वळणच वेगळं पडलं. गोल फिरणाऱ्या गाडीपेक्षा एका टोकाला छोटं स्टेशन आणि दुसऱ्या टोकाला पडद्याआड लपवलेले चार-पाच रूळ, अशी लांबट फळी त्यांना सोयीची वाटली. या आडोशाच्या यार्डात गाडी हाताने फिरवायची, नवी जुळवायची आणि पुन्हा स्टेशनकडे सोडायची. ‘रेल्वे मॉडेलर’ हे मासिक १९४९ मध्ये निघालं आणि सिरिल फ्रीझर यांनी दीर्घकाळ संपादक म्हणून ते वाढवलं. फ्रीझर यांचा हातखंडा लहान जागेतल्या आराखड्यांचा. १९५७ मध्ये त्यांनी ‘मायनरीज’ नावाचा एक आराखडा छापला. शहरातलं छोटं टर्मिनस, तीन फलाट आणि तोंडाशी सांध्यांची अशी चतुर रचना, की कुठल्याही फलाटावरची गाडी कुठल्याही मार्गाने बाहेर निघावी, तीही डब्यांना वेडेवाकडे हिसके न बसता. पुस्तकांच्या फडताळावर मावेल असा हा आराखडा आजही लोक बांधतात. उपनगरी गाड्यांवर वाढलेल्या मुंबईकराला तर तो बघताक्षणी कळेल. गाडी फलाटाला लागायची, पाच मिनिटांत परत निघायची, मागची सिग्नलला ताटकळलेली. चर्चगेटचा सारा जीव एवढ्यातच आहे.

‘रेल्वे मॉडेलर’ लावणाऱ्याने एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ते मासिक पेकोचं आहे आणि पेको म्हणजे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात मॉडेलचे रूळ आणि सांधे बनवणारी प्रसिद्ध कंपनी. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. नांगर आणि पंप बनवणाऱ्या कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढली आणि तिचं पुढे घरोघर वाचलं जाणारं मासिक झालं, हे आपण पाहिलेलं आहे. कारखान्याचं मासिक निकस असतं असं मुळीच नाही. पण रुळांविषयीचा सल्ला वाचताना छापणारा रूळ विकतो, एवढं डोक्याच्या कोपऱ्यात असावं. जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीचं तर त्यांच्याच नावाचं मासिक आहे. तिथे दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाचं कौतुक शोधू नये.

स्वतंत्र मासिकांतली परीक्षणंसुद्धा जपून वाचावीत, कारण इंजिनाच्या परीक्षणासमोरच्या पानावर बहुतेकदा त्याच इंजिनाची जाहिरात असते. चांगलं परीक्षण ओळखायची माझी खूण साधी आहे. त्यात मोजमाप असतं. इंजिन किती वजनाचं, चढावर किती डबे ओढलं, सगळ्यात कमी वेगात अडखळतं का, चाकांमधलं अंतर मापात आहे का, हे आकड्यांत दिलं असेल तर ते परीक्षण. ‘देखणं’, ‘संग्रही हवंच’ अशा शब्दांवर भागवलं असेल, तर ती दुसरी जाहिरात.

मासिकातली काही पानं महिन्याभरात शिळी होतात आणि काही पन्नास वर्षं टिकतात. वर्गणी भरण्याआधी हे वेगळं करता यायला हवं. नवी इंजिनं, दुकानांच्या याद्या, प्रदर्शनांच्या तारखा ही शिळी होणारी पानं. विजेचे लेखही लवकर जुने होतात. पूर्वी रुळांत बारा व्होल्टचा साधा प्रवाह सोडत आणि तो कमी-जास्त करून गाडीचा वेग बदलत. एकाच रुळावर दोन इंजिनं स्वतंत्रपणे चालवायची तर रूळ तुकड्यातुकड्यांत तोडून प्रत्येकाला वेगळं बटण लावावं लागे. १९९०च्या दशकात डीसीसीचं, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलचं, सामायिक प्रमाण ठरलं. त्यात प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक छोटी चिप असते, तिला स्वतःचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाला उद्देशून आलेला हुकूमच ती पाळते. त्यामुळे १९७५ च्या अंकातला तारांच्या जंजाळाचा लेख आता फक्त गंमत म्हणून वाचायचा.

लाकडाचा सांगाडा मात्र तसाच राहिला. लिन वेस्टकॉट यांनी ‘मॉडेल रेलरोडर’मधून १९६०च्या दशकात रुजवलेली एल-गर्डरची पद्धत आजही वापरात आहे. उभ्या पट्टीच्या माथ्यावर आडवी बारीक पट्टी चिकटवली, की उलट्या एलसारखी तुळई होते. ती वजनाला हलकी असते आणि वाकत नाही. तिच्यावर आडव्या पट्ट्या खालून स्क्रूने बसवायच्या, म्हणजे रुळांचा मार्ग बदलावासा वाटला तर वरचा डोंगर न फोडता पट्टी सरकवता येते. नवखा माणूस आपला आराखडा हमखास बदलतो, म्हणून हे त्याच्या फार उपयोगाचं.

त्याहून टिकाऊ असतात ते विचार सांगणारे लेख. फ्रँक एलिसन हे न्यू ऑर्लिन्सचे गृहस्थ. १९४४ मध्ये त्यांनी ‘मॉडेल रेलरोडर’मध्ये लेखमाला लिहिली. लेआउट म्हणजे रंगमंच, गाड्या ही पात्रं आणि वेळापत्रक हे कथानक, असं त्यांचं म्हणणं. गाडी नुसती गोल फिरवून माणूस आठवड्यात कंटाळतो. तिला काम द्या, थांबायचं कारण द्या, पुढे जायची अडचण द्या. आमच्या नाटकवेड्या मुलखात हे पटायला वेळ लागू नये.

एलिसनचं म्हणणं घेऊन कर्जतला जाऊन उभं राहावं. मुंबईहून आलेली पुण्याची गाडी फलाटाला लागते. पुढे बोरघाट, ३७ फुटांना एक फूट असा चढ. गाडीच्या शेपटीला बँकर इंजिनं येऊन भिडतात, जोडली जातात आणि गाडी मागून रेटा घेत घाट चढायला निघते. वर गेल्यावर बँकर सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी मोकळेच खाली येतात. यात पात्रं आली, अडचण आली, वेळापत्रक आलं. हे मॉडेलमध्ये करायला सबंध घाट लागत नाही. एक फलाट, बँकर उभे करायला बाजूचा आखूड रूळ आणि दोन्ही टोकांना बोगद्याच्या तोंडामागे लपवलेलं यार्ड एवढं पुरे. भिंतीलगत सव्वा फूट रुंदीच्या फळीवर संध्याकाळभराचा खेळ रंगेल. कल्पना अमेरिकन मासिकातली, फळी ब्रिटिश मासिकातली आणि गाडी आपली. परक्या मासिकाचा उपयोग असा करून घ्यायचा असतो. त्यातली दृश्यं उतरवायला गेलं, की डोंबिवलीत कोलोरॅडो उभा राहतो आणि तो कधीच खरा वाटत नाही.

आता भारतीय गाडी करणाऱ्याची खास अडचण. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. एचओ प्रमाणात ती १९ मिलिमीटरच्या किंचित वर जाते, आणि बाजारात मिळणारा एचओचा रूळ असतो १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजचा. त्यामुळे आपलं इंजिन त्या रुळावर आखूड चड्डी घातल्यासारखं दिसतं. बहुतेक जण हे चालवून घेतात, आणि नवख्याने चालवूनच घ्यावं. ज्याला ते अजिबात सहन होणार नाही, त्याला ब्रिटिशांत सोबती सापडतील. त्यांच्या ओओ प्रमाणातही हाच दोष आहे: वरची गाडी १:७६ची आणि खाली रूळ तोच १६.५चा. त्याला कंटाळून काहींनी १८.२ आणि काहींनी थेट १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतः घडवायला घेतले. या काटेकोर मंडळींचं ‘मॉडेल रेल्वे जर्नल’ १९८५ पासून निघत आलं आहे. अप्रतिम काम छापतात. पण नवख्याने पहिल्या वर्षी ते लावू नये. आपल्या हातून काही होणार नाही असं वाटायला लावण्याची त्याची ताकद मोठी आहे.

या गेजच्या भांडणातून सुटायची एक मराठी वाट आहे आणि ती मला मनापासून आवडते. बार्शी लाइट रेल्वे! एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये सुरू केलेली, पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत वाढलेली, वारकऱ्यांची लाडकी अडीच फुटी गाडी. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागा, पावणेनऊ मिलिमीटर येतात. आणि एन या एचओपेक्षा लहान स्केलचा जगभर सहज मिळणारा रूळ असतो ९ मिलिमीटरचा. म्हणजे डबे, माणसं, झाडं एचओच्या मापाची करायची आणि रूळ एनचा वापरायचा. गेज पाव मिलिमीटरच्या फरकाने बरोबर येतं. मूर्तिजापूरची शकुंतला एक्स्प्रेस करायची असेल तर तिलाही हाच हिशेब, तीही अडीच फुटीच. एवढंच की एन रुळाचे स्लीपर फार बारीक आणि दाट असतात, त्यामुळे या कामासाठी वेगळे स्लीपर असलेला ९ मिलिमीटरचा रूळ मिळाला तर तो घ्यावा.

बार्शीवाल्याने मग मासिकही वेगळं शोधावं. बार्शीनंतर कॅलथ्रॉपनेच इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही अडीच फुटी रेल्वे उभी केली. ती १९०४ मध्ये सुरू होऊन १९३४ मध्ये बंद पडली, आयुष्य इन मीन तीस वर्षांचं. तिची इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची, वळण बरंचसं बार्शीच्या इंजिनांचं, पुढे वसाहतीत शोभतील असे भलेथोरले दिवे. ब्रिटिश नॅरोगेजवाल्यांना या रेल्वेचं भारी प्रेम. त्यामुळे त्यांच्या नियतकालिकांत तिचे फोटो किंवा नकाशे दिसले, तर बार्शीवाल्याने ते आपल्याच चुलत घराण्याचे समजून जपावेत. अमेरिकेत नॅरोगेजला वाहिलेलं ‘नॅरो गेज अँड शॉर्ट लाइन गॅझेट’ बॉब ब्राउन यांनी १९७५ मध्ये सुरू केलं. त्यातल्या गाड्या कोलोरॅडोच्या तीन फुटी, पण लाकडी डबा काडीकाडीने कसा बांधायचा, पत्र्याला गंज कसा चढवायचा, हे तिथे शिकावं.

छापील अंक की पडद्यावरचा, याचं उत्तर भारतात राहणाऱ्यासाठी बहुधा पडद्यावरचा. परदेशातून टपालाने अंक मागवायचा तर वर्गणीइतकाच टपालखर्च येऊ शकतो, आणि पावसाळ्यात भिजलेला अंक मिळाला तर दाद कुणाकडे मागणार? शिवाय डिजिटल वर्गणीसोबत जुन्या अंकांचा साठा मिळत असेल, तर खरा माल तोच. ‘मॉडेल रेलरोडर’ने १९३४ पासूनचे अंक असे उपलब्ध करून दिलेले आहेत. ‘मॉडेल रेलरोड हॉबीइस्ट’ तर २००९ मध्ये संगणकावर वाचण्यासाठीच आणि वाचकाला मोफत म्हणून सुरू झालं. नवख्याने एक पैसाही भरण्याआधी त्याचे सुरुवातीचे अंक मिळवून वाचावेत. पडद्याचा तोटा जाणवतो तो मापातल्या रेखाचित्रांत. छापील पानावर पट्टी ठेवून मोजता येतं. डिजिटल पान छापताना प्रिंटर ते कागदात बसवण्यासाठी गुपचूप लहान करतो. शंभर टक्के हा पर्याय निवडून छापायचं आणि चित्रासोबत दिलेली मापाची पट्टी फूटपट्टीने ताडून बघायची. एचओचं चित्र एनसाठी वापरायचं असेल तर ५४ टक्क्यांवर छापावं, ओओचं एचओसाठी ८७ टक्क्यांवर.

सामानाच्या नावांनीही बिचकू नये. परदेशी लेखात गवत, खडी, डिंक सगळं कुठल्या ना कुठल्या कंपनीचं असतं. चाळून भाजलेली माती, रंगवलेला लाकडाचा भुसा, वापरून वाळवलेली चहापूड यांनी जमीन उत्तम होते. खडी बसवायला फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे द्रावण खड्यांवर गोळा न होता आत झिरपतं. अमेरिकन लेखातली निळी-गुलाबी फोमची पाटी मिळाली नाही तर थर्मोकोल चालतो, फक्त त्यावर विरघळवणारा गोंद किंवा स्प्रेचा रंग मारू नये. थर्मोकोल जागच्या जागी वितळून खड्डा पडतो. एका बाबतीत मात्र काटकसर नको. अमेरिकन मासिकातली जाहिरात बघून मागवलेला विजेचा पॅक तिथल्या १२० व्होल्टचा असतो आणि आपल्या भिंतीत २३० व्होल्ट येतात, म्हणून पॅक आपल्या व्होल्टेजवर चालणाराच घ्यावा.

वर्गणीच्याही आधी, जमल्यास, पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून यावं. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. तिथे अर्धा तास उभं राहिल्यावर आपला डोळा कशावर खिळतो ते बघावं: धावणाऱ्या गाड्यांवर, सिग्नलच्या यंत्रणेवर, की घरं-झाडं-डोंगर यांवर. मग दोन-तीन मासिकांचे सुटे अंक घ्यावेत आणि त्याच विषयाची पानं कुठल्या अंकात जास्त आहेत ते मोजावं. त्यातला किमान एक लेख असा हवा की जो वाचून याच रविवारी, घरात आहे त्या सामानात, काहीतरी करायला घेता येईल. असा लेख सापडला तर वर्षाची वर्गणी भरावी, आणि ती एकाच मासिकाची.

वर्ष संपत आलं की नूतनीकरणाची पत्रं येऊ लागतात, दरवेळी थोडी अधिक सवलत घेऊन. तेव्हा बारा अंकांतून प्रत्यक्ष हाताने करून पाहिलेले लेख मोजावेत. चार-पाच भरले तर पुन्हा पैसे भरावेत. एकही नसेल तर तेवढ्याच पैशांत दोन सांधे आणि बँकरसाठी बाजूचा आखूड रूळ घ्यावा.